रिपोर्ट नॉर्मल, तरी पोट बिघडलेलं: आयबीएसचं निदान आणि उपचार कसे करून घ्यावेत

“काय होतंय, काका?”
“पोट साफ होत नाही, डॉक्टर.”
“म्हणजे किती दिवसांनी जाता?”
“रोज जातो हो. सकाळीच तीनदा जातो. पण समाधान होत नाही.”

गर्दीच्या दवाखान्यात तो दुसरा प्रश्न बहुतेक वेळा विचारला जात नाही. ‘पोट साफ होत नाही’ एवढ्यावर बद्धकोष्ठाचं औषध लिहून मिळतं, आणि आधीच तीनदा जाणारा माणूस सहादा जायला लागतो. मग डॉक्टर बदलतो, गोळ्या बदलतात, सोनोग्राफी दोनदा होते आणि शेवटी ऐकायला मिळतं, “तुम्हाला काही झालेलं नाही, टेन्शन घेऊ नका.”

इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, म्हणजे आयबीएस, सोनोग्राफीत दिसत नाही, रक्तात सापडत नाही आणि दुर्बिणीतूनही दिसत नाही. आतड्याची रचना शाबूत असते. बिघडलेली असते ती आतड्याची हालचाल, त्याची संवेदनशीलता आणि मेंदूशी चालणारी त्याची देवघेव. काहींना जोरदार जुलाब किंवा अन्नविषबाधा होऊन गेल्यावर हा त्रास मागे राहतो. एवढं असलं तरी आयबीएस हे पक्कं निदान आहे, बाकी काही सापडलं नाही म्हणून चिकटवलेली चिठ्ठी नव्हे. ते उभं राहतं पेशंटच्या सांगण्यावर आणि मोजक्या तपासण्यांवर. म्हणून निम्मी तयारी पेशंटनं करायची असते.

आधी दोन आठवडे वही

डॉक्टरांची वेळ घेण्याआधी दोन आठवडे रोज चार ओळी लिहा. शौचाला किती वेळा आणि केव्हा गेलात, शौच कशी होती, पोट कुठे आणि किती दुखलं (शून्य ते दहा), काय खाल्लं. पाळी, जागरण, परीक्षा, प्रवास, घेतलेली गोळी हेही टिपा.

शौच कशी होती हे लिहायला लाज वाटत असेल तर आकडा लिहा. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या डॉक्टरांनी शौचाचे सात प्रकार ठरवून दिलेत आणि जगभर तेच वापरतात. १ म्हणजे सुटे कडक गोळे, ४ म्हणजे मऊ आणि सलग, ७ म्हणजे निव्वळ पाणी. १ आणि २ बद्धकोष्ठाकडे झुकतात, ६ आणि ७ जुलाबाकडे. उपचाराची दिशा याच आकड्यांवरून ठरते, म्हणून हे काम टाळू नका. ज्या दिवसांत जुलाब थांबवायचं किंवा पोट साफ करायचं औषध घेतलेलं नाही, त्या दिवसांचे आकडे सर्वांत कामाचे.

आणि एक गोष्ट आवर्जून लिहा: दुखणं आणि शौच यांचा संबंध. जाऊन आल्यावर बरं वाटतं की उलट वाढतं? आयबीएस ओळखायला जगभर वापरतात त्या २०१६ सालच्या ‘रोम चार’ निकषांचा गाभा हाच आहे. गेले तीन महिने आठवड्यातून सरासरी किमान एक दिवस पोट दुखतंय, त्रास सुरू होऊन किमान सहा महिने झालेत, आणि पुढच्या तिनांतल्या दोन गोष्टी लागू आहेत: दुखण्याचा शौचाशी संबंध आहे, शौचाला जाण्याची संख्या बदलली आहे, शौचाचं स्वरूप बदललं आहे. प्रत्यक्षात डॉक्टर हे निकष थोडे सैल धरतात. पण पोट अजिबात दुखत नसेल, फक्त गॅस आणि ढेकर असतील, तर बहुधा त्रास दुसराच असतो.

या गोष्टी असतील तर वही बाजूला ठेवा

शौचातून रक्त पडतंय, काळी डांबरासारखी शौच होते, न ठरवता वजन उतरतंय, ताप येतो, झोपेतून उठून जुलाबाला पळावं लागतं, हिमोग्लोबिन कमी आहे, पोटात गाठ हाताला लागते, घरात आतड्याचा कॅन्सर झालेला आहे, किंवा पन्नाशीच्या आसपास येऊन हा त्रास पहिल्यांदाच सुरू झाला आहे, तर दोन आठवडे थांबू नका. यातलं काहीही असलं म्हणजे कॅन्सर असतोच असं नाही, पण ते तपासल्याशिवाय कुणी ‘आयबीएस आहे’ म्हणत असेल तर मान हलवून घरी येऊ नये.

रक्ताबद्दल अनेक जण स्वतःच ठरवून टाकतात, ‘मूळव्याध असेल’. असेलही, पण बघून ठरवू द्या. शौचाबरोबर नुसता चिकट आव पडणं आयबीएसमध्ये होतं. रक्त पडणं आयबीएसचं लक्षण नाही.

आपल्याकडे एका गोष्टीकडे जास्त लक्ष द्यावं लागतं, ती म्हणजे आतड्याचा क्षय. लहान आणि मोठं आतडं जिथे जुळतं, तिथे उजवीकडे खाली, तो जास्त करून होतो. जेवल्यावर पोटात गोळा उठतो, फिरतो, गुडगुड आवाज होऊन सुटतो आणि मग बरं वाटतं, असं पेशंट सांगतात. सोबत संध्याकाळचा बारीक ताप, भूक मेलेली, वजन उतरलेलं. छातीचा एक्स-रे स्वच्छ असला तरी आतड्याचा क्षय असू शकतो. त्याचे उपचार सरकारी क्षयरोग कार्यक्रमात मोफत मिळतात आणि तो बरा होतो, पण आयबीएस समजून वर्ष काढलं तर आतडं आवळलं जाऊन ऑपरेशनची वेळ येऊ शकते.

बायकांसाठी वेगळी सूचना. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच पोट फुगणं, थोडं खाल्लं तरी पोट भरणं, ओटीपोटात दुखणं सुरू झालं तर अंडाशयाची तपासणी आधी करायची. तरुणपणी दुखणं पाळीच्या दिवसांत असह्य होत असेल तर एंडोमेट्रिओसिसचा, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर वाढण्याच्या आजाराचा, विचार व्हायला हवा. आयबीएसही पाळीत वाढतो, म्हणूनच वहीत पाळीच्या तारखा हव्यात.

कुणाकडे जायचं आणि काय न्यायचं

सुरुवात फॅमिली डॉक्टरांपासून किंवा एमडी मेडिसिनपासून करा. थेट गॅस्ट्रोएंटेरॉलॉजिस्टकडे, म्हणजे पोटविकारतज्ज्ञाकडे, धावायची गरज प्रत्येकाला नसते. वर सांगितलेली धोक्याची लक्षणं असतील, किंवा दोन-तीन महिने नीट उपचार घेऊनही फरक नसेल, तेव्हा तिथे जावं.

सोबत वही, जुने रिपोर्ट, आणि घरात असलेली सगळी औषधं पिशवीत घालून न्या. चूर्णाची डबी विसरू नका. ‘आयुर्वेदिक आहे, त्यानं काय होतंय’ म्हणून ती सांगायची राहते, आणि पोट साफ करणाऱ्या अनेक चूर्णांत सोनामुखी असते. सोनामुखी आतड्याला ढोसून काम करून घेते, त्यातून मुरडा येतो, आणि तो मुरडा आयबीएसच्या खात्यावर जमा होतो. रक्तवाढीच्या लोहाच्या गोळ्या बद्धकोष्ठ करतात. मधुमेहाच्या मेटफॉर्मिननं जुलाब होतात. अशा वेळी औषध बदललं की अर्धा आजार जातो.

बोलताना ‘गॅस’, ‘अ‍ॅसिडिटी’, ‘उष्णता’ हे शब्द बाजूला ठेवून काय घडतं ते सांगा: “सहा महिन्यांपासून आठवड्यातून तीन दिवस बेंबीखाली कळ येते, जाऊन आलं की कमी होते, सकाळी चार वेळा जावं लागतं, सहा नंबरची होते, वजन तेवढंच आहे, रक्त नाही.” एवढ्या एका वाक्यात डॉक्टरांना हवं ते बहुतेक सगळं आलं.

तपासण्या: मोजक्या, पण टाळायच्या नाहीत

धोक्याची लक्षणं नसलेल्या तरुण पेशंटला साधारण एवढं पुरतं: रक्तपेशींसाठी सीबीसी, शरीरातली सूज कळायला सीआरपी, थायरॉइडसाठी टीएसएच आणि शौचाची साधी तपासणी. जुलाबाचा त्रास असेल तर आणखी दोन तपासण्या फार उपयोगी पडतात.

पहिली, शौचातलं कॅलप्रोटेक्टिन. आतड्याला सूज असेल तर हे वाढतं. एका ग्रॅममागे ५० मायक्रोग्रॅमच्या आत असेल तर अल्सरेटिव्ह कोलायटिस किंवा क्रोन्ससारखा आजार असण्याची शक्यता बरीच कमी होते आणि कित्येकांची कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी, वाचते. मात्र आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या वेदनाशामकांनीही ते वाढतं. गुडघ्यासाठी रोज गोळी घेत असाल तर तपासणीआधी सांगा.

दुसरी, सिलिअ‍ॅक आजारासाठी टीटीजी आयजीए ही रक्ततपासणी. यात गव्हातलं ग्लुटेन सोसत नाही. इथे एक गफलत सर्रास होते. लोक इंटरनेटवर वाचून आधी पोळी बंद करतात, मग तपासणी करतात आणि ती निगेटिव्ह येते. गहू खात असतानाच ही तपासणी खरी उत्तर देते.

जियार्डियासारखे जंतू शौचाच्या एका नमुन्यात निसटतात. शंका असेल तर वेगवेगळ्या दिवशीचे तीन ताजे नमुने द्यावे लागतात. पण ‘जुनी आव आहे’ म्हणून दर दोन महिन्यांनी मेट्रोनिडॅझॉल या जंतू मारणाऱ्या गोळीचा कोर्स घेणं थांबवा. ज्यांना वर्षानुवर्षं ‘आव’ म्हणून ही गोळी मिळाली, त्यांतल्या पुष्कळांना खरं तर आयबीएस असतो. गोळी सुरू असताना चार दिवस बरं वाटतं आणि समज पक्का होतो. पुन्हा पुन्हा सोनोग्राफी करण्यातही अर्थ नाही. टायफॉइडच्या विडाल तपासणीचा तर या आजाराशी काहीच संबंध नाही.

दुधाचा संशय असेल तर दोन आठवडे दूध पूर्ण बंद करून बघा, फरक कळतो. श्वासातल्या हायड्रोजनची तपासणीही असते, पण घरचा प्रयोग फुकट आहे.

कोलोनोस्कोपी सांगितली तर घाबरू नका, आणि सांगितली नाही तर हट्टही धरू नका. आदल्या दिवशी पातळ, पारदर्शक पदार्थ आणि पोट रिकामं करायचं द्रावण, एवढाच खरा त्रास. तपासणी बहुधा गुंगीत होते. जुलाब हे मुख्य लक्षण असेल तर आतडं वरून ठीक दिसलं तरी बायोप्सी, म्हणजे तपासायला आतड्याचा बारीक तुकडा, घेणार का, हे आधीच विचारा. काही प्रकारची सूज फक्त सूक्ष्मदर्शकाखाली दिसते.

सगळं ठीक आलं की स्पष्ट विचारा: “डॉक्टर, हा आयबीएस आहे का? कुठल्या प्रकारचा?” जुलाबाचा, बद्धकोष्ठाचा की मिश्र, हे फाइलवर लिहून घ्या. पुढच्या डॉक्टरकडे पहिल्या पायरीपासून सुरुवात करावी लागत नाही.

औषधं

एकच गोळी सगळ्यांना चालत नाही आणि कुठलंही औषध चार आठवडे दिल्याशिवाय निकाल लावू नये. डोस डॉक्टरच ठरवतील. इथे फक्त कुठलं कशासाठी ते.

दुखण्यासाठी आतड्याचा पीळ सोडवणारी औषधं असतात: मेबेव्हेरिन, ड्रोटाव्हेरिन, डायसायक्लोमिन. मेबेव्हेरिन जेवणाआधी साधारण वीस मिनिटं घ्यायचं असतं, जेवण झाल्यावर आठवण येऊन घेतलं तर उपयोग कमी. पेपरमिंट तेलाच्या कॅप्सूलही कामाच्या आहेत, पण त्या चावायच्या नाहीत. आतड्यात जाऊन फुटाव्यात म्हणून त्यांवर लेप असतो. छातीत जळजळ होण्याची सवय असेल तर त्या बाधतात.

बद्धकोष्ठाच्या प्रकारात पहिली पायरी इसबगोल. एक लहान चमचा, भरपूर पाण्यात, फुगायच्या आत प्यायचा. मग एक-दोन आठवड्यांत हळूहळू वाढवायचा. पहिल्याच रात्री तीन चमचे घेऊन पोट टम्म फुगलं की लोक म्हणतात, इसबगोल मला सोसत नाही. गव्हाचा कोंडा मात्र टाळा, त्यानं आयबीएसचं दुखणं वाढू शकतं. इसबगोलनं भागलं नाही तर पॉलिइथिलीन ग्लायकॉलची पावडर. लॅक्टुलोज सिरप आपल्याकडे सर्रास देतात, पण त्यानं गॅस होतो आणि फुगणाऱ्या पोटात त्याची भर पडते. त्यापुढे ल्युबिप्रोस्टोन किंवा लिनाक्लोटाइडसारखी औषधं तज्ज्ञ देतात. पुष्कळ जोर करूनही शौच होत नसेल, बोटानं काढावी लागत असेल, तर दोष गुदद्वाराच्या स्नायूंच्या समन्वयात असू शकतो. त्यावर बायोफीडबॅक नावाचं प्रशिक्षण आहे, पोट साफ करायची औषधं वाढवून तो जात नाही.

जुलाबाच्या प्रकारात लोपेरामाइड. मुंबईच्या लोकलमध्ये शौचालय नसतं, आणि डोंबिवलीहून निघालेल्या माणसाला मुलुंडला उतरून पळावं लागणं म्हणजे काय, ते ज्याचं त्यालाच ठाऊक. अशांना निघण्याआधी डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रमाणात लोपेरामाइड घेतलं की घराबाहेर पडायचा धीर येतो. ते दुखणं कमी करत नाही, आणि ताप किंवा रक्त असताना घ्यायचं नाही. रिफॅक्सिमिन हे आतड्यातच राहून काम करणारं अँटिबायोटिक काहींना दोन आठवड्यांच्या कोर्सनं आराम देतं. ते मेडिकलवाल्याला विचारून घ्यायचं औषध नव्हे.

आता सर्वांत गैरसमज असलेली गोळी: अमिट्रिप्टिलीन. मेडिकलमधून आणली, घरी येऊन मुलानं मोबाइलवर शोधलं, ‘डिप्रेशन’ शब्द दिसला, आणि गोळी डब्यातच राहिली. “मी काय वेडा आहे का?” नाही. रात्री १० मिलिग्रॅम इतक्या कमी डोसमध्ये ती आतड्यातून मेंदूकडे जाणारे वेदनेचे संदेश मंदावते. इंग्लंडमध्ये ४६३ पेशंटवर झालेला, २०२३ साली प्रसिद्ध झालेला मोठा अभ्यास आहे. त्यात साध्या फॅमिली डॉक्टरांच्या देखरेखीखाली १० ते ३० मिलिग्रॅमनं खोट्या गोळीपेक्षा स्पष्ट फायदा झाला. गुण यायला काही आठवडे लागतात. तोंड कोरडं पडतं, सकाळी सुस्ती वाटते, बद्धकोष्ठ होतं, म्हणून जुलाबवाल्यांना ती जास्त मानवते. काचबिंदू, प्रोस्टेट किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी सांगा.

याउलट, क्लोरडायझेपॉक्साइड आणि क्लिडिनियम एकत्र असलेली गोळी आपल्याकडे पोटाची गोळी म्हणून वर्षानुवर्षं चालू राहते. तिच्यातलं पहिलं औषध सवय लावणारं आहे. घेत असाल तर एकदम थांबवू नका, डॉक्टरांना विचारून कमी करत आणा.

ताटातले बदल

आधी साधं करून बघा. जेवणाच्या वेळा ठरलेल्या, चहा-कॉफी दिवसाला तीन कपांच्या आत, तळण आणि ठेचा कमी, दारू आणि कोल्ड्रिंक बंद, बिनसाखरेच्या गोळ्या आणि च्युइंगम बंद. दिवसभर उपास करून रात्री दुप्पट खाणं या आजाराला अजिबात सोसत नाही. कित्येकांचं एवढ्यावर भागतं.

नाही भागलं तर फॉडमॅप आहार. ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठात हा आहार आकाराला आला. काही प्रकारच्या साखरा लहान आतड्यात नीट शोषल्या जात नाहीत, पुढे जाऊन पाणी ओढतात आणि जिवाणू त्या आंबवून गॅस करतात. त्या काही आठवडे काढून टाकायच्या आणि मग एकेक परत आणायची. आपल्या ताटात यातलं काय येतं? कांदा, लसूण, गहू, हरभरा डाळ, राजमा, दूध, फ्लॉवर, मशरूम, आंबा, सीताफळ, कलिंगड, सफरचंद. चालतं काय? भात, ज्वारीची भाकरी, बटाटा, गाजर, काकडी, भेंडी, वांगं, पपई, संत्रं, अंडी, मासे, चिकन. मुगाचं वरण थोडं.

म्हणजे पुरणपोळीत गहूही आला आणि हरभरा डाळही, मिसळीत तर सगळंच आलं. पण कोकणातल्या माणसाचा भात, फिश करी आणि सोलकढी बरीचशी वाचते, वाटणातून कांदा-लसूण काढलं की झालं. लसणाची चव सुटत नसेल तर एक युक्ती: पाकळ्या तेलात परतून काढून टाका आणि त्या तेलात फोडणी करा. लसणातला त्रासदायक भाग पाण्यात विरघळतो, तेलात उतरत नाही. आमटीत टाकलेला लसूण नंतर वेचून काढण्याला म्हणूनच अर्थ नाही. हिंग चालतो, फक्त बाजारच्या बांधानी हिंगात गव्हाचं पीठ असतं, ते लक्षात ठेवा.

घरी वेगळा स्वयंपाक कोण करणार, ही खरी अडचण. ज्या घरात चातुर्मास पाळतात तिथे कांदा-लसूण तसंही बंद असतं. कांदेनवमीनंतर हा प्रयोग सुरू केला तर सासूबाईंना वेगळं समजवावं लागत नाही. मात्र चार महिने नाही, दोन ते सहा आठवडेच. त्यात फरक पडला नाही तर हा आहार तुमच्यासाठी नाही, सोडून द्या. फरक पडला तर एका वेळी एकच गट परत आणा, तीन दिवस वाढत्या प्रमाणात खा आणि वहीत लिहा. दूध, मग गहू, मग कांदा असं. शेवटी दोन-तीनच पदार्थ बंद राहिले पाहिजेत. सगळंच कायमचं बंद करून वाळलेली माणसं दिसतात, तो उपचार नव्हे. वजन आधीच कमी असेल, गरोदर असाल किंवा खाण्याची धास्ती बसली असेल तर आहारतज्ज्ञाशिवाय याच्या वाटेला जाऊ नका.

डोकं आणि आतडं

‘टेन्शन घेऊ नका’ हा सल्ला निरुपयोगी आहे, पण ताणानं आतडं बिघडतं हे खरं आहे. एमपीएससीच्या पेपरच्या सकाळी चार वेळा जावं लागणारी मुलं सगळ्या अभ्यासिकांत सापडतील. कॉग्निटिव्ह बिहेव्हियर थेरपी (विचार आणि सवयी बदलायला शिकवणारा उपचार) आणि आतड्यांवर रोख असलेलं संमोहन, दोन्हींचा आयबीएसमध्ये अभ्यास झाला आहे आणि दोन्हींनी फायदा होतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे जाताना ‘मला आयबीएस आहे, त्यासाठी आलो आहे’ असं सांगा, म्हणजे बोलणं मुद्द्यावर राहतं. सोय नसेल तर सरकारची टेली-मानस ही मानसिक आरोग्याची फोनसेवा १४४१६ वर मराठीत मिळते. रोज अर्धा तास झपझप चालणं आणि पुरेशी झोप यांचाही गुण दिसतो.

नंतरच्या भेटी

पहिली भेट चार ते सहा आठवड्यांनी ठेवा आणि वही परत न्या. तेव्हा ‘बरं वाटतंय का’ यापेक्षा नेमकं सांगा: आठवड्यातले दुखण्याचे दिवस पाचावरून दोनावर आले, किंवा आले नाहीत. आराम पडला तर कुठलं औषध केव्हा कमी करायचं तेही त्याच भेटीत ठरवून घ्या. आयबीएस महिनोन्‌महिने शांत राहतो आणि लग्नसराईत किंवा मार्चअखेरीस पुन्हा डोकं काढतो. तेव्हा नव्यानं तपासण्यांची माळ लावायची नसते, गेल्या वेळी लागू पडलेलंच औषध डॉक्टरांना विचारून परत सुरू करायचं असतं. पण दुखण्याची जात बदलली, रक्त दिसलं, वजन उतरायला लागलं, रात्री उठावं लागलं, तर जुनी फाइल दाखवून ‘हे आधी नव्हतं’ असं सांगा आणि तपासणी नव्यानं करून घ्या.